टनभर पाहुणे

टेक्ससमध्ये घर बघायला गेलं की शाळा कुठली लागते, गॅरेज किती गाड्यांचं, मागचं अंगण केवढं, हे सगळं विचारून होतं. एसी किती टनांचा, हे फारसं कुणी विचारत नाही. तो असणार हे धरूनच चाललेलं असतं. पोटमाळ्यावर त्याची पेटी, बाहेर भिंतीलगत घरघरणारा कॉम्प्रेसर आणि प्रत्येक खोलीच्या छतात एक जाळी. त्या जाळीतून गार हवा येते, एवढंच घरातल्यांना माहीत. डॅलसच्या उत्तरेला प्लेनोमध्ये आमचं दुमजली घर आहे. त्याला चार टनांचं एकच यंत्र आहे आणि ऑगस्टच्या दुपारी ते पुरत नाही. दोनच्या सुमारास सुरू होतं ते रात्री दहापर्यंत दम घेत नाही. तरी खाली ८० फॅरनहाइट आणि वर गॅरेजवरच्या खोलीत ८७. सेल्सियसमध्ये सांगायचं तर खाली सत्तावीसच्या जवळ, वर साडेतीस.

हा टन यंत्राच्या वजनाचा नव्हे, बर्फाचा. दोन हजार पौंड बर्फ चोवीस तासांत वितळताना जेवढी उष्णता शोषून घेतो, तेवढी ओढायची ताकद म्हणजे एक टन. ताशी १२,००० बीटीयू उष्णता. हे माप बर्फाच्या व्यापारातून मागे राहिलेलं आहे. एके काळी बोस्टनजवळच्या तळ्यांतला बर्फ कापून, भुशात गुंडाळून जहाजाने जगभर जायचा. १८३३ मध्ये तो कलकत्त्याला पोचला आणि पाठोपाठ मुंबईलाही. त्या हिशोबाने आमच्या पोटमाळ्यावर दिवसाला आठ हजार पौंड बर्फ वितळवायची सोय आहे. एवढं असून उन्हाळ्यात आल्या की सासूबाई गॅरेजवरच्या खोलीत पदराने वारा घेत बसतात.

सासूबाई नागपूरच्या. पंचेचाळीस सेल्सियस म्हणजे काय हे त्यांना कुणी सांगायला नको. त्यामुळे त्यांची तक्रार उकाड्याची कधीच नसते, अकलेची असते. "मे महिन्यात आम्ही एक खोली गार करतो अन् सगळे तिथं गाद्या टाकून झोपतो," त्या म्हणाल्या. "तुम्ही अख्खं घर गार करून राहिले, अन् एकही खोली धड गार नाही." नवऱ्याने त्यांना थर्मोस्टॅट समजावून सांगितला. खाली जिन्याजवळच्या भिंतीवर तो बसवलेला आहे. तिथली हवा म्हणजे घराची हवा असं तो मानतो. "म्हणजे जिना गार झाला की झालं?" हा प्रश्न बिनतोड होता आणि त्यावर नवऱ्याकडे उत्तर नव्हतं.

पहिला माणूस बोलावला तो विक्रेताच निघाला. त्याने पोटमाळ्यावर पाऊलही ठेवलं नाही. घराचं क्षेत्रफळ विचारलं, टॅब्लेटवर बोट फिरवलं आणि पाच टनांचं नवं यंत्र बसवा म्हणाला. चार पुरत नाही तर पाच, यात शहाण्या माणसाला खटकण्यासारखं काही दिसत नाही. पण एसीला वाऱ्याचाही हिशोब असतो. टनामागे मिनिटाला साधारण चारशे घनफूट हवा खेळवावी लागते. चार टनांना सोळाशे, पाचांना दोन हजार. आमचे हवा नेणारे डक्ट सोळाशेचे, आणि तेही कसेबसे. त्यांतून दोन हजार रेटायचे म्हणजे पंखा धापा टाकणार, जाळ्या शिट्या मारणार. मेपासून सप्टेंबरपर्यंतचे जे बरे दिवस असतात त्या दिवशी मोठं यंत्र दहा मिनिटांत हवा गार करून बंद पडणार आणि हवेतला दमटपणा जागच्या जागी राहणार. कारण पाणी काढायला कॉइलवरून हवा बराच वेळ फिरावी लागते. विलिस कॅरियरने १९०२ मध्ये ब्रुकलिनच्या एका छापखान्यासाठी पहिली जुळणी केली ती दमटपणा आवरण्यासाठीच होती. कागद फुगायचा आणि रंगावर रंग नीट बसायचा नाही. माणसं गार झाली ती नंतर, ओघाने.

आणखी एक गोष्ट इथे हमखास ऐकायला मिळते: एसी बाहेरच्यापेक्षा वीसच डिग्री कमी करू शकतो. इथल्या मराठी मंडळाच्या पिकनिकला दर वर्षी कुणी ना कुणी हे ठामपणे सांगतं. वीस डिग्रीचा आकडा खरा आहे, पण तो वेगळ्या जागेचा. यंत्रात ओढली जाणारी हवा आणि कॉइलवरून गार होऊन परत येणारी हवा यांच्यात अठरा-वीस फॅरनहाइटचा फरक असावा, असं तंत्रज्ञ तपासतात. बाहेर ऊन किती, याच्याशी त्याचा थेट संबंध नाही. बाहेरच्या उन्हाचा हिशोब मॅन्युअल जे नावाच्या रीतीत होतो. घराच्या भिंती, खिडक्या, दिशा, छत, माणसं सगळं मोजून किती टन लागतील ते ती सांगते. पण तीही वर्षातला सगळ्यात तापलेला दिवस धरत नाही. टोकाचे थोडे तास सोडून देते. आमच्या भागासाठी बाहेरचं तापमान शंभराच्या आसपास धरतात आणि आतलं पंचाहत्तर. म्हणजे १०५ च्या दिवशी घर थोडं तापणार हे कागदावरच मान्य केलेलं असतं. अडचण एवढीच, की इथे असे दिवस रांगेने येतात. २०११ च्या उन्हाळ्यात डॅलस-फोर्टवर्थला ७१ दिवस पारा शंभरावर होता, त्यातले चाळीस सलग.

दुसरा माणूस आला तो सकाळी सात वाजता. वयाने मोठा, कमी बोलणारा. दहानंतर मी वर चढत नाही, म्हणाला. दुपारी आमच्या पोटमाळ्यावर १३०-१४० फॅरनहाइट असतं. साठ सेल्सियसच्या घरात. आणि इथल्या बांधकामाची गंमत अशी की गार हवा नेणारे सगळे डक्ट नेमके त्याच भट्टीतून जातात. मी त्याच्या मागोमाग ओढायच्या शिडीवरून डोकं वर काढलं. छताच्या लाकडी कैच्यांमधून चंदेरी वेष्टणाच्या नळ्या वेड्यावाकड्या पसरलेल्या, त्यांच्यावर उष्णतारोधक कापसाचा राखाडी भुगा, त्यात कुणी मजूर विसरून गेलेला शीतपेयाचा कॅन. गॅरेजवरच्या खोलीकडे जाणारी नळी त्याने टॉर्चच्या उजेडात दाखवली. ती सरळ न जाता एका कैचीवर चढत होती आणि जिथे चढत होती तिथे प्लास्टिकच्या पट्टीने आवळलेली होती. इतकी, की मुठीत मावावी. पलीकडे ती लोंबत, झोल खात जाळीच्या पत्र्यापर्यंत पोचत होती आणि तिथल्या सांध्याला चिकटपट्टी सुटून बोटभर फट पडलेली. त्याने हात धरला. "घ्या, इथे मस्त गार आहे," म्हणाला. आमच्या पैशाची हवा पोटमाळ्याला वारा घालत होती.

अशी गळती ही काही फक्त आमच्याच घराची नाही. सर्वसाधारण अमेरिकन घरात डक्टमधून जाणाऱ्या हवेतली वीस ते तीस टक्के हवा वाटेतच हरवते, असा सरकारी एनर्जी स्टार कार्यक्रमाचा अंदाज आहे. चार टनांतले तीनच खोल्यांपर्यंत येत असतील तर यंत्राला अपुरं म्हणणं अन्यायाचं. त्या माणसाने पट्टी सोडवली, नळी कापून आखूड आणि सरळ केली, सांध्यांवर मॅस्टिकचा करडा लेप हाताने थापला. दोन सकाळींचं काम. नवं यंत्र नाही, खोका नाही, वॉरंटीचं कार्ड नाही. शेजाऱ्यांना दाखवायला काही नव्हतं, म्हणून नवरा थोडा हिरमुसला. गॅरेजवरच्या खोलीतली जाळी मात्र पहिल्यांदाच कागदाची पट्टी उडवू लागली.

यानंतर खिडकी. त्या खोलीला पश्चिमेकडे तीस चौरस फुटांची खिडकी आहे. बिल्डरच्या माहितीपत्रकात 'सूर्यास्ताचं दृश्य' म्हणून तिचं कौतुक केलेलं होतं, आणि सूर्यास्त सुंदर असतो हे खरंच. पण त्याआधीचे चार तास तोच सूर्य साध्या दुहेरी काचेतून चौरस फुटामागे ताशी दीडशेच्या वर बीटीयू आत टाकतो. साडेचार हजार बीटीयू. टनाच्या तिसऱ्या हिश्श्याहून जास्त, एका खिडकीतून. पोटमाळ्यावर इतका खर्च करून बाहेर काढलेली उष्णता आम्ही समोरच्या दाराने मानाने आत घेत होतो. आतून लावलेला जाड पडदा फार उपयोगाचा नसतो, कारण ऊन काचेच्या आत आलं की ती उष्णता घरातच थांबते. ऊन काचेबाहेर अडवावं लागतं. इथे त्यासाठी सोलर स्क्रीन मिळतात, खिडकीच्या चौकटीवर बाहेरून बसवायची दाट विणीची जाळी. वसाहतीच्या घरमालक संघटनेने, म्हणजे एचओएने, तिचा रंग कळवला: मंजूर यादीतला तपकिरी किंवा काळा. सासूबाईंनी जाळी पाहून विचारलं, "म्हणजे वाळ्याची ताटी, फक्त वाळा नाही?" यापेक्षा चांगलं वर्णन त्या कंपनीच्या माणसालाही जमलं नसतं.

इथवर येईपर्यंत माझं एक मत बनलं होतं, ते यंत्राबद्दल कमी आणि घराबद्दल जास्त. टेक्ससमधली जुनी घरं मधोमध उघडी वाट ठेवून बांधत. दोन बाजूंना दोन खोल्या आणि मधून वारा. खोल पडव्या असत, रात्री झोपायला जाळीचे व्हरांडे असत. मग १९५४ मध्ये ऑस्टिनला २२ घरांची एक प्रायोगिक वसाहतच उभारली, सगळ्या घरांना सेंट्रल एसी. मध्यमवर्गाला हे परवडेल का, ते बघायला. त्या प्रयोगात निरनिराळ्या आराखड्यांची घरं होती आणि सावली, दिशा, छपराची वळचण यांचाही विचार केलेला होता. परवडतं हे सिद्ध झालं, आणि पुढच्या बिल्डरांनी त्यातलं यंत्र तेवढं उचललं. पडवी गेली, वळचण आखडली, पश्चिमेला काच आली, दुमजली उंचीचा दिवाणखाना आला, डक्ट पोटमाळ्यात कोंबले. यंत्र आहे ना, मग घराने काही करायला नको. म्हणून चार टन कमी आहेत असं कुणी म्हटलं की मला विचारावंसं वाटतं, कमी कुणाला? घराने आपलं काम केलं असतं तर तीनही पुरले असते.

तरीही त्या खोलीला थोडी कुमक हवी होतीच. गॅरेज खाली, छप्पर वर, तीन बाजूंना बाहेरच्या भिंती. अशी खोली घराच्या सरासरीत कधी बसत नाही. खिडकीत बसवायचा एसी सगळ्यात स्वस्त, पण रस्त्यावरून दिसतो म्हणून आमच्या एचओएला चालत नाही. मग चाकांवरचा पोर्टेबल एसी बघितला. त्याच्या खोक्यावर दोन आकडे असतात, एक मोठा आणि एक बराच लहान, आणि खरा मानायचा तो लहान. एका नळीचा असेल तर तो खोलीतलीच हवा ओढून गरम करून बाहेर टाकतो, आणि तेवढीच बाहेरची तापलेली हवा दारं-खिडक्यांच्या फटींतून आत येते. एका हाताने द्यायचं, दुसऱ्याने काढून घ्यायचं. छताचा पंखा होताच. पण तो माणसाला गार करतो, खोलीला नाही, आणि रिकाम्या खोलीत फिरवला तर उलट स्वतःच्या मोटारीची ऊब तेवढी देतो.

सासूबाईंचं मत अर्थातच कूलर. मार्च संपता संपता कूलर खाली काढायचा, टाकी घासायची, ताट्यांत नवा वाळा भरायचा, पहिल्या दिवशी घरभर सुटलेला तो वास घ्यायचा, हे त्यांनी इतकं रंगवून सांगितलं की क्षणभर मलाही वाटलं, आणावा. एल पासोत आजही छपराछपरावर कूलर दिसतात. फिनिक्समध्ये एसी घरोघरी येण्याआधी त्यांच्यावरच उन्हाळा निघायचा. नागपूर, एल पासो, फिनिक्स, तिन्हीकडची उन्हाळी हवा कोरडी. आमच्याकडे मेक्सिकोच्या आखातावरून दमट वारा येतो. त्यात आणखी पाणी घालायचं आणि तेच पाणी काढायला पोटमाळ्यावरच्या यंत्राला राबवायचं, हे जमणारं नव्हतं. सासूबाईंना पटलं. "नागपुरातही पहिला पाऊस पडला की कूलर कामाचा राहत नाही," म्हणाल्या.

शेवटी मिनी-स्प्लिट घेतला, पाऊण टनाचा. बसवणाऱ्यांनी भिंतीला तीन इंचांचं भोक पाडलं, त्यातून तांब्याच्या दोन नळ्या, वायर आणि पाण्याची बारीक नळी बाहेर काढली, व्हॅक्यूम पंप लावून नळ्यांतली हवा खेचली आणि मग गॅस सोडला. बाहेरचं युनिट एवढं मुकं की सुरू आहे की नाही हे हात लावून बघावं लागतं. इथले लोक त्याच्याकडे अजून नव्या जपानी चमत्कारासारखं बघतात. सेंट्रल हेच त्यांना स्वाभाविक. सासूबाईंनी भिंतीवरचा पांढरा डबा बघितला, रिमोट हातात घेतला, आणि म्हणाल्या, "अगं, हा तर आपल्या मनीषनगरच्या घरातलाच! एवढं शोधून शोधून हाच आणला?"

एवढाच लाभ असता तर लिहायला बसले नसते. खोली गार झाली आणि घराचं बस्तान हललं. आठवडाभरात मुलाचा अभ्यास वर गेला, मग नवऱ्याचा लॅपटॉप, मग संध्याकाळचा चहा. आवडीचा दुमजली दिवाणखाना ओस पडू लागला. शनिवारी रात्री मी कपड्यांची टोपली घेऊन वर गेले तर जमिनीवर दोन गाद्या आणि मधे पत्त्यांचा डाव. सासूबाई नातवाला लॅडीज शिकवत होत्या आणि तो त्यांना फसवत होता. खालचा थर्मोस्टॅट आम्ही संध्याकाळनंतर ८२ वर ठेवायला लागलो, कारण खाली कुणी नसायचंच. अख्खं घर सारखं गार असणं ही सोय आहे हे मी वीसेक वर्षं गृहीत धरलेलं. पण सारखेपणा हवा कुणाला होता? माणसं एका वेळी एकाच खोलीत असतात. त्या खोलीसाठी दुमजली दिवाणखान्याची सगळी उंची गार करायची, ही उधळपट्टी अंगवळणी पडली होती इतकंच.

आणखी एक कारण होतं, ते मी सासूबाईंना सांगितलं नाही. २०२३ च्या ऑगस्टमध्ये टेक्ससच्या वीजजाळ्याचं काम पाहणाऱ्या एर्कॉटने संध्याकाळी वीज जपून वापरा म्हणून पुन्हा पुन्हा विनवलं होतं. सूर्य कलतो तशी सौरवीज घटते आणि नेमकं त्याच वेळी घराघरांतलं यंत्र पूर्ण जोरात असतं. त्याच वर्षी ॲरिझोनात फिनिक्सच्या मॅरिकोपा काउंटीत उष्णतेशी संबंधित ६४५ मृत्यू नोंदले गेले. घरात सत्तरी ओलांडलेलं माणूस असताना पोटमाळ्यावरचं यंत्र एखाद्या शुक्रवारी संध्याकाळी बंद पडलं आणि भाग सोमवारी मिळणार असेल, तर दुसरं काहीतरी घरात असलेलं बरं.

२०२५ मध्ये गणपती ऑगस्टअखेर आले, म्हणजे ऐन उन्हाळ्यात. स्वस्थ बसलेला माणूस ताशी चारशेच्या आसपास बीटीयू उष्णता बाहेर टाकतो, त्यातली काही घाम आणि श्वासाच्या वाफेतून. तीस पाहुणे म्हणजे बारा हजार बीटीयू, बरोबर एक टन. आरतीला उभे राहून टाळ्या वाजवणारे धरले तर त्याहून जास्त; आणि आमच्याकडे आरत्या लांबतात. शिवाय घरात माझ्या माहेरचे उकडीचे आणि सासरचे तळणीचे, असे दोन्ही मोदक होतात, म्हणजे वाफही आणि कढईही. नवऱ्याने सरळ वहीत हिशोब मांडला आणि निमंत्रणात आरतीची वेळ संध्याकाळी सातऐवजी सकाळी दहाची लिहिली. दहाला बाहेर नव्वदीच्या आत असतं, घर रात्रभर गार करून ठेवता येतं, आणि आमच्या वीज कंपनीच्या योजनेत रात्रीची वीज फुकट आहे. दोघा-तिघांनी रजा नाही म्हणून कुरकुर केली. त्यांना संध्याकाळी प्रसादाला बोलावलं, चार-चारच्या गटाने, थेट वरच्या खोलीत.

तळण मागच्या अंगणात करायचं ठरलं. टेक्ससमध्ये प्रोपेनचा एक दणकट बर्नर मिळतो, थँक्सगिव्हिंगला अख्खी टर्की तेलात सोडण्यासाठी. शेजाऱ्यांनी त्यांचा आपणहून देऊ केला. सासूबाईंनी त्याच्याभोवती एक फेरी मारली, पायांवरचे तेलाचे जुने ओघळ पाहिले आणि माझ्याकडे वळल्या. काही बोलल्या नाहीत. मी गाडीची किल्ली घेतली आणि दुकानातून नवा, खोकाबंद आणला. खोक्यावर मोठ्ठी भाजलेली टर्की छापलेली होती, म्हणून खोका नवऱ्याने गॅरेजमध्येच फाडला आणि बर्नर तेवढा अंगणात नेला. सकाळी सातला त्यावर कढई चढली. सासूबाई खुर्चीवर बसून, पदर खोचून मोदक सोडत होत्या आणि पहिला घाणा निघाल्यावर म्हणाल्या, "आच चांगली आहे याची. नागपूरला न्यायला मिळेल का?"